कोयत्याबरोबर गोळ्यांची बाटलीही हवी
एचआयव्ही बाधितांनी विषाणूरोधक औषधे घेताना बाळगावयाची सावधगिरी

लिंबागणेश (जि. बीड) : बालाघाटाच्या डोंगररांगांतील लिंबागणेश हे गाव भालचंद्र गणेशाच्या मंदिरामुळे परिचित आहे. दसरा-दिवाळी उलटली की या परिसरातील, किंबहुना संपूर्ण बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीसाठी गाव सोडतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर आणि थेट कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. मार्च-एप्रिलमध्ये गाळप हंगाम संपला की ही कुटुंबे परततात. या कुटुंबांपैकी ज्यांना एचआयव्हीचा संसर्ग आहे, त्यांच्यासाठी हे पाच-सहा महिने उपचारांच्या दृष्टीने सर्वाधिक जोखमीचे असतात. औषध मोफत आहे, परिणामकारक आहे. मात्र ते देणारे केंद्र गावाकडे आणि रुग्ण फडावर, अशी स्थिती असते.

दिवसाला एक गोळी

एचआयव्हीवरील औषधोपचाराला एआरटी म्हणतात. दोन दशकांपूर्वी हा उपचार सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हता. पाश्चात्त्य देशांत वर्षाकाठी दहा हजार डॉलरपेक्षा अधिक खर्च येत असताना २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दर्शविली आणि जगभरातील किमती कोसळू लागल्या. भारत सरकारने १ एप्रिल २००४ रोजी आठ शासकीय रुग्णालयांतून मोफत एआरटी सुरू केली. त्यात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा समावेश होता. पुढे हे जाळे जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले. बीड जिल्ह्यातील रुग्णांना जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ही दोन ठिकाणे जवळची आहेत.

पूर्वी सीडी-४ या पांढऱ्या पेशींची संख्या ठरावीक पातळीखाली गेल्यावरच औषध सुरू केले जाई. २०१७ पासून भारताने 'चाचणी होताच उपचार' हे धोरण स्वीकारले. आज बहुतेक प्रौढ रुग्णांना टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम एकत्र असलेली एकच गोळी दिवसातून एकदा घ्यावी लागते. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'टीएलडी' म्हटले जाते. ही गोळी जेवणापूर्वी, जेवणानंतर किंवा उपाशीपोटी कशीही चालते.

खंड का नको?

ही औषधे विषाणूला शरीरातून हद्दपार करत नाहीत. त्याची वाढ रोखून धरतात. रक्तातील औषधाचे प्रमाण घटले की विषाणू पुन्हा वाढू लागतो. अपुऱ्या औषधाच्या सान्निध्यात वाढताना त्याच्यात असे बदल होतात, की तेच औषध नंतर त्याच्यावर चालेनासे होते. यालाच औषधप्रतिरोध म्हणतात. त्यानंतर दुसऱ्या श्रेणीची, अधिक गोळ्यांची आणि अधिक दुष्परिणामांची औषधे घ्यावी लागतात. म्हणूनच ९५ टक्क्यांहून अधिक मात्रा वेळेवर घेतल्या जाव्यात, असा दंडक आहे. महिन्याच्या तीस गोळ्यांचा हिशेब केला, तर फार तर एखादी गोळी चुकलेली चालते.

नियमितपणाचे फळही तेवढेच मोठे आहे. विषाणूभार तपासणीत विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे आता जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केले आहे. नवरा-बायकोची जोडी, म्हणजेच एक 'कोयता', मिळून काम करणाऱ्या ऊसतोड कुटुंबांसाठी ही बाब मोलाची आहे.

ऊसतोड पहाटे सुरू होते, तर गाडी भरण्याचे काम कधी मध्यरात्रीही चालते. त्यामुळे 'जेवणानंतर' किंवा 'झोपताना' अशी खूणगाठ फडावर टिकत नाही. घड्याळातील एक वेळ ठरवून मोबाइलवर गजर लावणे अधिक खात्रीचे ठरते. डोल्युटेग्राविरमुळे काहींना झोप लागत नाही. अशांनी डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी घ्यावी. गोळी विसरल्यास आठवताच घ्यावी. मात्र पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल, तर चुकलेली गोळी सोडून द्यावी. दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.

प्रवासातील सोय

स्थलांतर करणाऱ्या रुग्णाने गाव सोडण्यापूर्वी किमान दोन आठवडे आधी केंद्रात जाऊन आपण कोठे आणि किती दिवसांसाठी जात आहोत, हे सांगावे. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना एकाच वेळी अनेक महिन्यांच्या गोळ्या देता येतात. गरज भासल्यास कामाच्या ठिकाणाजवळील केंद्रातून औषध मिळण्याची सोयही राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. त्यासाठी उपचारांची नोंद असलेली पुस्तिका, म्हणजेच 'ग्रीन बुक', जवळ हवी. पुस्तिका नेण्यास संकोच वाटत असेल, तर तिच्या पानांची छायाचित्रे मोबाइलमध्ये ठेवावीत. कोणत्या गोळ्या सुरू आहेत, हे परक्या गावातील डॉक्टरांना त्यावरून तत्काळ कळते.

गोळ्या ३० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात आणि कोरड्या जागी ठेवाव्यात. कोपीच्या छताला अडकवलेली पिशवी किंवा ट्रॅक्टरची पेटी ही त्यासाठी योग्य जागा नव्हे. गोळ्या मूळ बाटलीतच ठेवाव्यात व ओलावा शोषणारी पुडी फेकू नये. कोणी ओळखेल या भीतीने अनेक जण गोळ्या कागदात बांधून ठेवतात. त्यामुळे ओलावा लागून औषध निकामी होऊ शकते. त्याऐवजी बाटलीवरील चिठ्ठी झाकावी. बाटली लहान मुलांच्या हाती लागणार नाही, अशी ठेवावी.

इतर औषधांशी गाठ

प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णाला एकाच वेळी अनेक औषधे घ्यावी लागतात. खरा धोका तेथेच असतो.

पित्तासाठी घेतली जाणारी अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमयुक्त औषधे डोल्युटेग्राविरला आतड्यातच बांधून ठेवतात. त्यामुळे एचआयव्हीची गोळी पित्ताच्या औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हाच नियम लागू आहे. मात्र जेवणाबरोबर दोन्ही एकत्र घेतल्यास चालते. गरोदर महिलांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे औषध डोल्युटेग्राविरचे रक्तातील प्रमाण कमी करते. त्यामुळे क्षयाचे उपचार सुरू असताना टीएलडीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी दिली जाते आणि रिफाम्पिसिन थांबल्यानंतरही ती दोन आठवडे सुरू ठेवतात. फिट्सवरील फेनिटोइन, कार्बामाझेपिन व फेनोबार्बिटल यांमुळेही असाच परिणाम होतो. मधुमेहावरील मेटफॉर्मिनच्या बाबतीत मात्र उलट घडते. त्याचे रक्तातील प्रमाण वाढते. म्हणून दिवसभरातील एकूण मात्रा साधारणतः १००० मिलिग्रॅमपुरती मर्यादित ठेवली जाते.

ऊसतोड कामगारांच्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे वेदनाशामके. मोळ्या वाहून पाठ-कंबर भरून येते आणि दुकानातून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज घेतल्या जातात. टेनोफोविरचा मूत्रपिंडावर ताण पडू शकतो. त्यात अशी वेदनाशामके आणि उन्हात कमी पाणी पिण्याची सवय यांची भर पडली, की धोका वाढतो. दुखणे असह्य असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने योग्य मात्रेत पॅरासिटामॉल घेणे त्यामानाने सुरक्षित आहे. भरपूर पाणी पिणे आणि दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिनची तपासणी करणे आवश्यक आहे. डोल्युटेग्राविरमुळे मूत्रपिंडाला इजा न होताही क्रिएटिनिनचा आकडा किंचित वाढतो. त्यामुळे अहवाल पाहून रुग्णाने स्वतःच औषध बंद करू नये.

दुसऱ्या श्रेणीच्या उपचारांत रिटोनाविर हे औषध असते. ते यकृतातील औषधे विघटित करणारी यंत्रणा मंद करते. परिणामी अर्धशिशीवरील अर्गोटयुक्त गोळ्या, सिमव्हास्टॅटिन आणि दम्याच्या पंपातील काही स्टेरॉइड्स अपायकारक ठरू शकतात. ताकदीची म्हणून दिली जाणारी अनोळखी इंजेक्शने आणि 'एड्स समूळ बरा करणारी' चूर्णे यांपासून दूरच राहावे.

कावीळ ब : लपलेला धोका

टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही औषधे कावीळ ब म्हणजे हिपॅटायटिस बी या विषाणूलाही रोखतात. ज्यांना दोन्ही संसर्ग आहेत, त्यांनी गोळ्या अचानक बंद केल्या, तर दबलेली कावीळ उसळून यकृत निकामी होण्याचा धोका असतो. एआरटी सुरू करताना कावीळ ब व क यांची चाचणी करतात ती यासाठीच. उलट, केवळ कावीळ ब आहे असे समजून एन्टेकाविर सुरू करण्यापूर्वी एचआयव्हीची चाचणी झालेली असावी. अन्यथा त्या एकाच औषधामुळे एचआयव्हीमध्ये प्रतिरोध निर्माण होऊ शकतो. कर्करोगावरील केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनीही उपचारांपूर्वी कावीळ ब ची चाचणी करून घ्यावी.

पहिले काही महिने

औषध सुरू झाल्यावर प्रकृती बिघडली, की 'गोळी मानवत नाही' असा समज होतो. वास्तविक, शरीराची प्रतिकारशक्ती परत येऊ लागली, की आत दडलेला क्षय किंवा अन्य संसर्ग उफाळून येऊ शकतो. ताप, गाठी सुजणे, खोकला वाढणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी औषध थांबवायचे नसते. केंद्र गाठायचे असते. सीडी-४ पेशी ३५० पेक्षा कमी असतील, तर इतर संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमोक्साझोलची गोळीही दिली जाते. ती 'साधी' म्हणून वगळू नये.

नागीण आणि फ्लू

प्रतिकारशक्ती घटलेल्यांना नागीण अधिक प्रमाणात होते आणि अधिक तीव्र असते. मंत्र-तंत्र किंवा लेप यांत वेळ न दवडता पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत असायक्लोव्हिर सुरू करणे हितावह असते. प्रौढांना सामान्यतः ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा सात दिवस देतात. हे औषध मूत्रपिंडात खड्यांच्या रूपाने साचू शकते. म्हणून पाणी भरपूर प्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा घटवावी लागते. नागीण डोळ्याजवळ उठल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

२००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्यासह राज्यभर परिचित झालेले ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. मात्र प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना ते उशिराही दिले जाते. ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, हा प्रौढांचा प्रचलित उपचार आहे. बरे वाटू लागले म्हणून तो अर्ध्यावर सोडू नये.

मुले आणि गुप्तता

बीडजवळील पाली येथे 'इन्फंट इंडिया' संस्थेच्या प्रकल्पात एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचा सांभाळ केला जातो. मुलांची मात्रा वयावर नव्हे, तर वजनावर ठरते. मूल वाढते तशी ती बदलावी लागते. म्हणूनच पालकांबरोबर फडावर जाणाऱ्या मुलाचे वजन निघण्यापूर्वी आणि परतल्यावर केले पाहिजे. मोठ्यांची गोळी मोडून मुलाला देणे धोक्याचे आहे.

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार कायद्याने ठरविलेले अपवाद वगळता संमतीविना कोणाचाही संसर्ग उघड करता येत नाही आणि या कारणावरून काम नाकारता येत नाही. मोफत माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

फडावर निघण्यापूर्वी

• परतीच्या तारखेपर्यंत पुरतील त्यापेक्षा थोड्या अधिक गोळ्या घ्याव्यात.
• 'ग्रीन बुक' किंवा तिची छायाचित्रे आणि केंद्राचा दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवावा.
• विषाणूभार आणि क्रिएटिनिन तपासणीची तारीख हंगामात येत असेल, तर ती आधीच करून घ्यावी.
• कोणतेही नवे औषध घेताना सुरू असलेल्या गोळ्यांची माहिती डॉक्टरांना द्यावी.
• डोळे पिवळे होणे, अंगावर व तोंडात फोड येणे, लघवी कमी होणे, धाप लागणे, उलट्यांसह सतत डोके दुखणे किंवा नजर अंधुक होणे यांपैकी काहीही आढळल्यास काम थांबवून तत्काळ जवळचे शासकीय रुग्णालय गाठावे.
• गोळ्या संपल्याच, तर हंगाम संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी केंद्राशी संपर्क साधावा.