जमिनीखालचा गारवा आणि टनाचा हिशेब

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव हे गाव आहे. तेथील ऊन पाण्याची कुंडे महाड-पोलादपूरच्या मुलांच्या परिचयाची असतात. त्यामुळे वर्गात ‘भूऔष्णिक पंप’ म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे तीच कुंडे येतात. वास्तविक घर गार किंवा उबदार करणाऱ्या या पंपाला ऊन पाण्याची गरजच नसते. त्याला लागते ती आठ-दहा मीटर खोलीवरची साधी जमीन. तेथील तापमान बारा महिने जवळजवळ सारखे, म्हणजे त्या गावाच्या वार्षिक सरासरीइतके असते. कोकणात ते साधारण २७ अंश सेल्सिअस धरता येईल.

उष्णता आपण होऊन गरमकडून थंडाकडे जाते. उलट दिशेने न्यायची तर काम खर्ची घालावे लागते. या विचाराचा पाया फ्रान्सच्या सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये घातला. १८५२ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी एकाच प्रकारच्या यंत्राने इमारत तापवताही येईल आणि गारही करता येईल, असे गणिताने दाखवले. त्याच सुमारास खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ उष्ण प्रदेशांतील खोल्या गार करण्याची योजना मांडत होते. म्हणजे आपल्यासारख्या हवामानाचा विचार आरंभापासूनच होता.

पण यंत्र वाढले ते थंड देशांत. जमिनीतून उष्णता घेण्याची कल्पना १९१२ च्या एका स्विस पेटंटात आढळते. १९३८ मध्ये झुरिचचे नगरभवन लिम्माट नदीच्या पाण्यातील उष्णता वापरून उबदार केले जाऊ लागले. पुढे युरोप-अमेरिकेत घरांच्या आवारात नळ्या पुरल्या जाऊ लागल्या. तेथे नळी किती लांब हवी, याचा हिशेब बहुतेक ठिकाणी हिवाळ्यावरून बसवला गेला.

यंत्राचे माप मात्र बर्फाच्या व्यापारातून आले. १८३३ मध्ये अमेरिकेतून जहाजाने बर्फ कलकत्त्यास पोहोचला. पुढे मुंबईतही बर्फघर उभे राहिले. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो ‘एक टन’ गारवा. एक किलो बर्फाला ३३४ किलोज्यूल लागतात. मुलांकडून गुणाकार-भागाकार करून घ्या. उत्तर सुमारे ३.५ किलोवॅट येईल.

आता खरा प्रश्न पाहू. एक टनाचा पंप ०.९ किलोवॅट वीज घेतो असे समजू. खोली गार करताना खोलीतील ३.५ आणि विजेची ०.९, अशी ४.४ किलोवॅट उष्णता जमिनीत सोडावी लागते. तीच ३.५ किलोवॅट ऊब खोलीला द्यायची असती, तर वीज आपला वाटा उचलते आणि जमिनीतून फक्त २.६ घ्यावी लागते. थंड देशातील नळीचे माप जसेच्या तसे उचलले, तर महाडात ती अपुरी पडण्याचा धोका आहे.

दुसरा फरक त्याहून मोठा. जेथे हिवाळा कडक आहे, तेथे उन्हाळ्यात जमिनीत सोडलेली उष्णता हिवाळ्यात परत घेतली जाते. महाडात घर तापवण्याची वेळच येत नाही. पावसाळ्यात जमिनीतून वाहणारे पाणी काही उष्णता नेईल, पण जेथे ते वाहत नाही तेथे नळीभोवतीची जमीन वर्षानुवर्षे तापत जाईल आणि २७ अंशांचा फायदा हळूहळू संपेल. म्हणून नळ्या लांब आणि एकमेकींपासून दूर हव्यात.

मग पंपच मोठा घ्यावा काय? तेही नको. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटपट गार करून थांबते. हवेतील दमटपणा काढायला त्याला वेळ मिळत नाही, आणि खोली गार असूनही अंग चिकचिकत राहते. आधी पडवीची सावली, छपराखाली माळा आणि पश्चिमेच्या भिंतीला झाडांची आड करून घराची गरज कमी करावी. मग उरलेली उष्णता मोजून यंत्र निवडावे.

शाळेजवळ खोल विहीर असेल, तर शिक्षकांनी बादलीने पाणी काढून जानेवारीत आणि मे महिन्यात लगेच त्याचे तापमान नोंदवावे. शेजारी हवेचे तापमान लिहावे. दोन्ही रकान्यांतील चढउतार पाहिले की जमीन कशी वागते, हे मुलांना स्वतःच्या नोंदींतून कळेल.