शेंदराखालची अक्षरे

मुंबईच्या उत्तरेकडील साष्टी बेटाचे नाव ऐकताच गोव्यातील आमच्या वाचकांस आपली सासष्टी आठवल्यावाचून राहणार नाही. नावाप्रमाणेच दोहोंचे दैवही सारखे. सोळाव्या शतकात दोन्ही प्रदेश पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि दोन्हीकडील देवळे पडली. अंतर एवढेच की, सासष्टीतील कित्येक देव भक्तांनी नदीपार अंत्रूज महालात नेले. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, आणि त्यांची हकीकत घराघरांत राहिली. साष्टीत मंडपेश्वराच्या शैव लेण्यावर ख्रिस्ती मठ उभा राहिला, तर इतर अनेक देवळांची नावेदेखील उरली नाहीत. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, तरी गेलेले देऊळ परत येत नसते. उरले ते रानावनात आणि वाड्यापाड्यांत विखुरलेले दगड.

हे दगड शोधण्याचे काम २०१५ च्या सुमारास मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल अध्ययन केंद्राने आणि इंडिया स्टडी सेंटर या न्यासाने हाती घेतले. त्यात पायपीट करणारी मंडळी प्रामुख्याने विद्यार्थी होती. पुरातत्त्वाचे धडे वर्गात घ्यावयाचे आणि उमेदवारी गावात करावयाची, असा हा क्रम. येथे कुदळीचे काम नव्हते. गल्लीबोळ हिंडणे, वृद्धांस विचारणे, मोजमाप व छायाचित्र घेणे, आणि जे कळले ते त्याच लोकांस समजावून सांगणे, एवढेच साधन.

विद्यार्थ्याने लोकांत जाऊन शिकावे ही कल्पना मात्र नवी नव्हे. फादर हेरास यांनी १९२६ साली मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात इतिहास-संशोधन संस्था स्थापिली आणि १९२९ साली गोव्यात चांदर येथे, कदंबांच्या चंद्रपुरात, उत्खनन करून शिवालयाचा पाया व मस्तकहीन नंदी उजेडात आणला. एका ख्रिस्ती धर्मगुरूने शिवाचा नंदी मातीतून वर काढावा, याचे आम्हांस आजही कौतुक वाटते. त्यांचेच शिष्य हसमुख सांकळिया. पुढे १९५२-५३ साली अहिल्याबाईंच्या महेश्वरी आणि पैलतीरावरील नावडातोली येथे पुण्याचे डेक्कन कॉलेज व बडोद्याचे विद्यापीठ यांनी मिळून उत्खनन केले, ते सांकळियांच्याच नेतृत्वाखाली.

साष्टीतील कामाची खरी अडचण जमिनीखाली नव्हती, जमिनीवर होती. शिलाहारकाळी दान दिले की शिळा उभारीत. वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख, आणि खाली दान मोडणाऱ्यास दिलेली शिवी. ती शब्दांत तर असेच, शिवाय गाढव व स्त्री यांच्या चित्रातही कोरलेली असे. म्हणून या शिळेस गद्धेगाळ म्हणतात. लेख वाचता येईनासा झाल्यावर लोकांनी दोन मार्ग पत्करले. कोठे अभद्र म्हणून शिळा पालथी घातली वा पुरली. कोठे तीच देवी ठरून तिला शेंदूर चढला, नवस होऊ लागले. शापाच्या शिळेस वरदानासाठी हात जोडले जावे, यात हसण्याजोगे काही नाही. भक्ती अक्षर पाहून बसत नाही.

पण वाचकहो, त्या अक्षरांत गावाचे नाव असते, राजाचे असते, कोणत्या देवळास किती जमीन दिली तेही असते. ओला कागद शिळेवर बसवून कुंचल्याने ठोकावयाचा आणि शाई फिरवून ठसा घ्यावयाचा, ही रीत दगडास इजा करीत नाही. तेलाशेंदराच्या थरांनी अक्षरांच्या खाचाच बुजल्या असतील, तर मात्र ठसा कसला उठणार? अशा ठिकाणी विद्यार्थ्याने खरवडणी हाती घेणे हा अपराधच होय. त्याने पुजाऱ्याशी बोलावे, आणि नकार मिळाल्यास नमस्कार करून परतावे. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचे कवच उतरविण्यात आले, आणि कित्येक पिढ्यांनी न पाहिलेले मूळ रूप भाविकांस दिसले. देवस्थानाने मनावर घेतले तर हे होऊ शकते, आणि श्रद्धेस धक्का न लागता होते.

आमचे स्वतःचे वर्तन याबाबत अभिमानास्पद नाही. आमच्या ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा अंगणातला वीरगळ नव्या ओट्याच्या भरावात गेला. आम्ही तेथे उभे होतो. गवंड्याने विचारले, आणि आमच्यापैकीच कोणीतरी ‘टाका’ म्हणाले. लेख होता की नव्हता, हे पाहण्याचेही कोणास सुचले नाही. वर आता संगमरवरी फरशी आहे.

देवळामागे पिंपळाखाली अद्याप पाच-सहा कोरीव दगड पडून आहेत. दोन महाविद्यालयीन मुले सुट्टीत येऊन त्यांची नोंद करण्यास तयार आहेत. जेवणाखेरीज त्यांची काही मागणी नाही. हा विषय आम्ही महाजनांच्या सभेपुढे ठेवला. सभेने तो पुढील बैठकीवर टाकला आहे, आणि प्रदक्षिणेच्या वाटेवर फरशी बसविण्याचे काम शिमग्यानंतर सुरू व्हावयाचे आहे.