सैन्यात असलेल्या १६ जणांची नावं पुसणारी माजी सैनिकांची संघटना : हूड रिव्हरच्या 'पोस्ट २२'ची गोष्ट

गावातली मुलं युद्धावर गेली की त्यांची नावं फलकावर लिहायची, ही जगभरातली पद्धत आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या हूड रिव्हर गावातही असा फलक होता. न्यायालयाच्या इमारतीच्या भिंतीवर. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी त्या फलकावरची १६ नावं काढून टाकण्यात आली.

ही मुलं पळपुटी नव्हती. त्यांनी देशद्रोहही केला नव्हता. ती अमेरिकेच्याच सैन्यात होती आणि त्यातले काही जण त्या वेळी प्रत्यक्ष लढत होते. त्यांचा 'दोष' एकच, त्यांचे आईवडील जपानमधून आले होते.

आणि नावं काढणारे होते माजी सैनिक. 'अमेरिकन लीजन' या संघटनेची स्थानिक शाखा, पोस्ट क्रमांक २२.

आधी हे 'पोस्ट' म्हणजे काय ते समजून घेऊ

पहिलं महायुद्ध संपल्यावर मार्च १९१९ मध्ये पॅरिसमध्ये असलेल्या अमेरिकन सैनिकांनी 'अमेरिकन लीजन'ची सुरुवात केली. घरी परतणाऱ्या सैनिकांना उपचार, पेन्शन, नोकरी मिळावी हा एक हेतू होता. 'शंभर टक्के अमेरिकनपणा' जपणं हा दुसरा.

संघटनेची रचना तीन पायऱ्यांची. वर राष्ट्रीय कार्यालय, मध्ये राज्याचा विभाग आणि खाली गावोगावच्या शाखा. या शाखेलाच 'पोस्ट' म्हणतात. संचलन, ध्वजवंदन, सैनिकांचे अंत्यसंस्कार, मुलांच्या बेसबॉल स्पर्धा, सगळं पोस्ट बघतं. त्यामुळे छोट्या गावात पोस्टच्या शब्दाला वजन असतं. हूड रिव्हरमध्येही ते होतं.

हूड रिव्हरमध्ये जपानी आले कुठून?

कोलंबिया नदीच्या काठावरचं हे खोरं सफरचंद आणि नासपतीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी मजूर इथे रेल्वेच्या आणि जंगलतोडीच्या कामावर आले. झाडांचे बुंधे उपटून जमीन मोकळी करायची, असं हे काम होतं. काहींना मजुरीच्या बदल्यात जमिनीचा तुकडा मिळाला. त्यांनी आधी स्ट्रॉबेरी लावली, मग फळबागा उभ्या केल्या.

बागा फुलल्या तसा राग वाढला. १९१९ मध्ये हूड रिव्हरमध्ये आशियाई लोकांच्या विरोधात संघटना उभी राहिली. १९२३ मध्ये ओरेगॉनने कायदाच केला. नागरिक होण्याचा हक्क नसलेल्या परदेशी माणसाला राज्यात जमीन घेता येणार नाही, असं त्यात होतं. त्या काळी आशियातून आलेल्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळतच नसे, त्यामुळे रोख कोणावर होता हे उघड होतं.

याचा फटका भारतीयांनाही बसला. भगतसिंग थिंड हे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. ओरेगॉनमधल्या न्यायालयाने १९२० मध्ये त्यांना नागरिकत्व दिलं. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. ते 'गोरे' नाहीत, हे कारण. म्हणजे गणवेश चालतो, पण माणूस चालत नाही, हा प्रश्न १९४४ च्या आधीपासूनचा आहे.

जपानी कुटुंबांची मुलं मात्र अमेरिकेत जन्मली होती, म्हणून ती जन्मानेच नागरिक होती. या दुसऱ्या पिढीला 'निसेई' म्हणतात.

पर्ल हार्बर आणि त्यानंतर

७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ काढला. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांमध्ये नेण्यात आलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकन नागरिक होते. हूड रिव्हरची जपानी कुटुंबंही मे १९४२ मध्ये रेल्वेत बसवली गेली. बागा मागे राहिल्या.

याच खोऱ्यात वाढलेले वकील मिनोरू यासुई यांनी पोर्टलंडमध्ये मुद्दाम संचारबंदी मोडली आणि खटला सुप्रीम कोर्टापर्यंत नेला. ते हरले. २०१५ मध्ये त्यांना मरणोत्तर 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' मिळालं.

याच काळात सुमारे ३३ हजार निसेई अमेरिकेच्या सैन्यात होते. काहींचे आईवडील तारेच्या कुंपणात आणि ते स्वतः आघाडीवर. ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रान्सच्या डोंगरात वेढल्या गेलेल्या टेक्सासच्या बटालियनला निसेईंच्या ४४२ व्या रेजिमेंटने सोडवलं आणि त्यासाठी मोठी जीवितहानी सोसली.

त्यानंतर जेमतेम महिन्याने हूड रिव्हरमध्ये ती नावं काढली गेली.

पोस्टचं म्हणणं काय होतं?

या मुलांना जपानचंही नागरिकत्व आहे, असं कारण पोस्टने दिलं. खरा मुद्दा जमिनीचा आणि परतीचा होता. छावण्या उघडणार असं दिसत होतं. जपानी कुटुंबांनी खोऱ्यात परत येऊ नये, हा संदेश द्यायचा होता. १९४५ च्या सुरुवातीला स्थानिक वृत्तपत्रात पानभर जाहिराती आल्या. तुम्ही इथे नको आहात, असं त्यात सरळ म्हटलं होतं आणि खाली शेकडो गावकऱ्यांची नावं होती.

मग फ्रँक हाचियाची बातमी आली

काढलेल्या १६ नावांमध्ये फ्रँक हाचिया हे एक नाव होतं. खोऱ्यातल्याच ओडेल गावचा हा मुलगा लष्करी गुप्तवार्ता विभागात दुभाष्या होता. फिलिपाइन्सच्या लेते बेटावर तो शत्रूची माहिती काढायला स्वतःहून पुढे गेला आणि त्याला गोळी लागली. ३ जानेवारी १९४५ ला त्याचा मृत्यू झाला. गावाने त्याचं नाव पुसून पाच आठवडे झाले होते.

आता हे प्रकरण हूड रिव्हरपुरतं राहिलं नाही. न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर अग्रलेख लिहिला. युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी पोस्टच्या कृतीचा जाहीर निषेध केला. आघाडीवरच्या गोऱ्या सैनिकांनी संतापून पत्रं पाठवली. काही लीजन पोस्टनी त्या १६ जणांना आपल्याकडे सदस्य होण्याचं आमंत्रण दिलं. शेवटी लीजनच्या राष्ट्रीय प्रमुखांनी नावं परत लावायला सांगितलं आणि १९४५ च्या वसंत ऋतूत पोस्ट २२ ने माघार घेतली.

नावं परत आली, माणसांचं काय?

फलकावर रंग लावणं सोपं होतं. परतलेल्या कुटुंबांना दुकानदार माल देईनात. न्हावी केस कापेनात. अनेक कुटुंबं परतलीच नाहीत.

गावातले मोजके लोक मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. मेथडिस्ट चर्चचे पाद्री शर्मन बर्गोइन त्यातले एक. १९४७ मध्ये त्यांना राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. पण चर्चने त्यांची बदली आणखी लहान गावात केली.

फ्रँकचा मृतदेह १९४८ मध्ये मायदेशी आला. आज तो हूड रिव्हरच्याच दफनभूमीत आहे.

पुढे काय झालं?

१९५२ च्या कायद्याने पहिल्या पिढीतल्या जपानी लोकांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला. १९८८ मध्ये अमेरिकेने छावण्यांबद्दल अधिकृत माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले. २०११ मध्ये निसेई सैनिकांना 'काँग्रेशनल गोल्ड मेडल' देण्यात आलं. २०२१ मध्ये ओरेगॉनने हूड रिव्हरमधून जाणाऱ्या महामार्ग ३५ ला निसेई सैनिकांचं नाव देण्याचा कायदा केला. ज्या खोऱ्यात १६ नावं खुपत होती, तिथल्या रस्त्यावर आता त्यांच्या नावाची पाटी आहे.

ही गोष्ट आज का वाचायची?

पोस्ट २२ मधले लोक काही बाहेरून आलेले गुंड नव्हते. त्यांनी स्वतः युद्ध पाहिलं होतं. सैनिकाचा मान राखणं हेच त्यांच्या संघटनेचं काम होतं. तरीही कोणाला 'आपला' सैनिक म्हणायचं हे त्यांनी आडनाव बघून ठरवलं.

त्यांना माघार घ्यायला लावणाऱ्यांमध्येही सैनिक होते, हेही तितकंच खरं. निसेईंच्या शेजारी खंदकात बसलेल्या माणसाला त्या १६ जणांचं अमेरिकनपण कोणी समजावून सांगावं लागलं नाही.