बायॉस ते यूईएफआय : संगणकाच्या पहिल्या क्षणाचा इतिहास

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११कडे वळू पाहणाऱ्या अनेकांची त्या निमित्ताने ‘लेगसी’ या शब्दाशी गाठ पडली. नव्या प्रणालीला यूईएफआय लागते; जुना बायॉस तिला चालत नाही. हा बदल मात्र एका दिवसाचा नाही.

संगणक सुरू होतो तेव्हा विंडोज किंवा लिनक्स डिस्कवर निद्रिस्त असते. तिला जागे करण्याचे काम मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेली एक छोटी आज्ञावली करते. ‘बायॉस’ हे तिचे नाव गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम प्रणालीतून आले आणि ऑगस्ट १९८१मध्ये अवतरलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाने ते जगभर नेले. अशा आज्ञावली रचणाऱ्या प्रमुख कंपन्यांपैकी अमेरिकन मेगाट्रेंड्स ही १९८५मध्ये भारतीय वंशाच्या सुब्रमोनियन शंकर यांनी सहकाऱ्यासह स्थापन केली. तिचे काम चेन्नईतूनही चालते.

आयबीएमच्या त्या यंत्रातील प्रोसेसरला १ मेगाबाइटपलीकडची मेमरी दिसत नसे. पुढे प्रोसेसर ३२ आणि ६४ बिटांचे झाले. पण जुन्या आज्ञावली चालत राहाव्यात म्हणून प्रत्येक नवा प्रोसेसर जागा होताना क्षणभर पूर्वजाचेच रूप धारण करी. डिस्कच्या विभागांची नोंद ठेवणारा एमबीआर तक्ता १९८३चा. १० मेगाबाइटची डिस्क ऐसपैस वाटण्याचा तो काळ. त्या तक्त्याची झेप सुमारे २ टेराबाइटवर थांबते.

इटेनियम प्रोसेसर घडवताना इंटेलला हे ओझे नकोसे झाले. १९९०च्या दशकाअखेर सुरू झालेल्या त्या प्रयत्नातून ईएफआय जन्मली आणि २००५मध्ये अनेक कंपन्यांच्या मंचाकडे जाऊन यूईएफआय झाली. एमबीआरची जागा जीपीटीने घेतली. दरम्यान, २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच व्हायरसने असंख्य यंत्रांतील बायॉसच पुसून टाकला होता. प्रणाली जागी होण्यापूर्वीची जागाही सुरक्षित नाही, हे तेव्हा उमगले. पुढे आलेले सिक्युअर बूट हे प्रणाली सुरू करणाऱ्या आज्ञावलीची डिजिटल सही तपासूनच तिला आत घेते.

स्थित्यंतर करणाऱ्याने क्रम चुकवू नये. डिस्क एमबीआर ठेवून केवळ फर्मवेअरचा पर्याय बदलला, तर विंडोज सुरूच होत नाही. आधी माहितीची प्रत काढावी, मग मायक्रोसॉफ्टच्या एमबीआर२जीपीटी साधनाने तक्ता बदलावा आणि शेवटी यूईएफआय निवडावे.

जुना बायॉस कोणालाही ‘तू कोण?’ असे विचारत नसे. नवी व्यवस्था विचारते, हे योग्यच. पण बहुतेक यंत्रांत ओळख पटवणारी किल्ली मायक्रोसॉफ्टची असते. स्वतःची किल्ली बसवण्याची सोय अनेक यंत्रांत आहे, तरी ती वाट जाणकारांचीच. सी-डॅकच्या बॉससारख्या स्वदेशी प्रणालींचा विचार करणाऱ्या देशाने संगणकाच्या या पहिल्या क्षणाकडेही लक्ष द्यायला हवे. पुढचे सारे त्याच्यावरच उभे असते.