सात वाजून एकतीस मिनिटं पंधरा सेकंद

गुरुवार, ३० सप्टेंबर २०२१. गुलाब चक्रीवादळाचा पाऊस दोनच दिवसांपूर्वी विदर्भ-मराठवाड्याला झोडपून गेला होता. वर्धा जिल्ह्यात सोयाबीन सोंगणीला आलेलं, शेंगा ओल्या, आणि ऑगस्टात चढलेला भाव सप्टेंबरात घसरत चाललेला. आज विकायचं की थांबायचं, हा प्रश्न घराघरात होता.

आम्ही दोघांनी वर्ध्यात बसून भाव आणि हवामान दाखवणारं एक छोटं मोबाइल अ‍ॅप केलं होतं. सेलू, देवळी, समुद्रपूर, हिंगणघाट या तालुक्यांतल्या काहीशे फोनांवर ते चालायचं. त्या रात्री ते बंद पडलं. ज्या क्षणी पडायचं तो क्षण एकवीस वर्षांपूर्वीच सेकंदासकट लिहून ठेवलेला होता. तो मला ठाऊक होता, तरीही पडलं.

रात्री १२.५१ — १८ तास ४० मिनिटं आधी

'लेट्स एन्क्रिप्ट'चं 'आर३' नावाचं जुनं मधलं प्रमाणपत्र या वेळी संपलं. त्याची जागा घेणारं नवं आधीच आलेलं होतं. आमच्या सर्व्हरवर नूतनीकरण आपोआप व्हायचं, त्यामुळे आम्हाला धक्का लागला नाही. मी झोपलेलो होतो.

सकाळी ६.१५

सेलूकडून पहिला फोन. "भाऊ, आजचा भाव केव्हा येते?" दहाच्या पुढे, असं सांगितलं. असे फोन रोज यायचे आणि ते मला आवडायचे. मुलाने नवा फोन घेतला की जुना बापाकडे जातो. आमच्या अ‍ॅपचे कितीतरी फोन असे वारशाने आलेले, अँड्रॉइड ५ आणि ६चे होते.

सकाळी ११ — साडेआठ तास आधी

इथे थोडं थांबून सांगायला हवं. फोन सर्व्हरशी सुरक्षित जोडणीने बोलतो, तेव्हा आधी सर्व्हरची ओळख पटवतो. सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो. त्याला जामीन राहणारं दुसरं प्रमाणपत्र, त्याला तिसरं, अशी साखळी असते. शेवटचा जामीनदार फोनच्या आतल्या यादीत असावा लागतो. त्याला मूळ प्रमाणपत्र म्हणतात.

लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट प्रमाणपत्रं देणारी ना-नफा संस्था. तिचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र, 'आयएसआरजी रूट एक्स१', जून २०१५चं. नव्या जामीनदाराला कोण ओळखणार? म्हणून तिने 'आयडेनट्रस्ट'च्या जुन्या मूळ प्रमाणपत्राचा आधार घेतला. ते 'डीएसटी रूट सीए एक्स३', ३० सप्टेंबर २००० रोजी तयार झालेलं. त्याची मुदत आज भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ७ वाजून ३१ मिनिटं १५ सेकंदांनी संपणार होती.

अँड्रॉइड ७.१.१च्या आधीचे फोन नव्या जामीनदाराला ओळखत नाहीत. नोव्हेंबर २०२०मध्ये लेट्स एन्क्रिप्टने स्वतःच सांगितलं होतं की, ७.१च्या आधीच्या फोनांचं प्रमाण ३३.८ टक्के आहे. म्हणजे तीनांत एक. मग तोडगा निघाला. जुन्या अँड्रॉइडमध्ये मूळ प्रमाणपत्राची स्वतःची मुदत तपासलीच जात नाही. त्यामुळे आयडेनट्रस्टने आणखी तीन वर्षांसाठी नव्या प्रमाणपत्राला जुन्याची सही दिली, आणि कोट्यवधी जुने फोन वाचले. गरिबाच्या फोनचा एवढा विचार कुणीतरी केला, याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते.

दुपारी ३ — साडेचार तास आधी

मी तीन फोन टेबलावर मांडले. एक अँड्रॉइड ६चा, एक ७चा, एक नवा. तिघांची तारीख पुढे सरकवून १ ऑक्टोबर केली आणि अ‍ॅप उघडलं. तिन्हींवर भाव दिसला, हवामान दिसलं. मी निर्धास्त झालो.

माझी चूक इथे झाली. मी फोन तपासले, सर्व्हर तपासला नाही. आमचा सर्व्हर भाव स्वतः तयार करत नाही. तो दर पंधरा मिनिटांनी दुसऱ्या एका सेवेकडे विचारणा करतो. म्हणजे त्या घडीला तोही एक ग्राहकच असतो, आणि त्याच्याही आत जामीनदारांची यादी असते. तो उबुंटू १६.०४वर चालत होता. त्या आवृत्तीचा नियमित आधार एप्रिलमध्येच संपला होता. आतलं, सुरक्षित जोडणी सांभाळणारं 'ओपनएसएसएल १.०.२' तर २०१९च्या अखेरीलाच निवृत्त झालेलं. १३ सप्टेंबरला ओपनएसएसएलच्या लोकांनी स्पष्ट इशारा दिला होता: ही आवृत्ती साखळीच्या टोकाला मुदत संपलेलं मूळ प्रमाणपत्र पाहील आणि नकार देईल, जवळच दुसरी वैध वाट असली तरी. तो इशारा मी वाचला नव्हता.

संध्याकाळी ७.३१.१५

काही झालं नाही. मी घड्याळाकडे बघत होतो.

७.४५

सर्व्हरने भाव मागितला. जोडणी तुटली. अ‍ॅपला उत्तर गेलं ५०२. अ‍ॅपने पडद्यावर लिहिलं: 'इंटरनेट तपासा'.

८.१० ते ८.४०

फोन सुरू झाले. "नेट त चालू आहे भाऊ, व्हॉट्सअ‍ॅप चालते. मंग हे काहून म्हनते इंटरनेट तपासा?" समुद्रपूरकडच्या एकाने फोन तीनदा बंद-चालू केला. एक जण रेंज मिळेल म्हणून ओल्या बांधावर जाऊन उभा राहिला. एका काकांनी डेटा पॅक मारला. त्यांना त्याची काहीएक गरज नव्हती.

तो संदेश मी लिहिला होता. काहीही बिघडलं तरी तेच वाक्य दाखवायचं, अशी सोय मी करून ठेवली होती. ५०२ याचा अर्थ इतकाच की फोन आमच्यापर्यंत पोहोचला, आम्ही उत्तर दिलं, आणि आमच्या मागची कडी तुटली. यात शेतकऱ्याच्या इंटरनेटचा काही संबंध नाही. आकडा आला म्हणजे पलीकडे कुणीतरी बोललं. चारशेच्या घरातला असेल तर मागणीत खोट, पाचशेच्या घरातला असेल तर देणाऱ्याकडे. आकडाच आला नाही तर बोलणं सुरूच झालेलं नाही. मग नेट, नाव-पत्ता किंवा प्रमाणपत्र बघायचं. एवढा फरक अ‍ॅपने केला असता तर काकांचे पैसे वाचले असते.

८.५०

माझ्या लॅपटॉपवर ती भावाची सेवा नीट उघडत होती. सर्व्हरवरून मात्र उत्तर: प्रमाणपत्राची मुदत संपली आहे. मी त्या सेवेचं प्रमाणपत्र बघितलं. डिसेंबरपर्यंत वैध. मग संपलं कुणाचं? ही वीस मिनिटं मी चुकीच्या पानाकडे बघण्यात घालवली.

९.२०

जाणत्या मित्राने फोनवर सल्ला दिला: जुनी साखळी काढ, नवी छोटी लाव. सल्ला खोटा नव्हता, पण तो आमच्या रोगावरचा नव्हता. मी आमच्या सर्व्हरच्या स्वतःच्या प्रमाणपत्राची साखळी बदलली. तोवर निदान हवामानाचं पान तरी सगळीकडे दिसत होतं. आता अँड्रॉइड ५ आणि ६च्या फोनांवर काहीच उघडेना. भाव नाही, हवामान नाही. ज्या सहीमुळे ते फोन वाचले होते ती सही मीच काढून टाकली होती.

१०.०५

टेबलावरचा जुना फोन केबलने जोडून नोंदी वाचल्या. 'ट्रस्ट अँकर फॉर सर्टिफिकेशन पाथ नॉट फाउंड'. म्हणजे शेवटचा जामीनदार ओळखीचा नाही. या वेळी आकडा नव्हता. फोनने बोलणं सुरू व्हायच्या आधीच पाठ फिरवली होती. माझा सहकारी गप्प बसला. मीही.

१०.३०

एक सोपा उपाय हाताशी होता. एका ओळीने प्रमाणपत्राची तपासणीच बंद करायची. दोन मिनिटांत सगळं सुरू झालं असतं. हा उपाय अनेक जण करतात आणि मग विसरून जातात. पण तपासणी बंद म्हणजे मध्ये बसलेला कोणीही भावाचा आकडा बदलू शकतो, आणि शेतकरी तो आमचा म्हणून वाचतो. ज्याचं पीक ओलं आहे, ज्याला सकाळी बाजारात न्यायचं की नाही हे ठरवायचं आहे, त्याला असा आकडा द्यायचा नाही. आम्ही तो उपाय केला नाही. त्या रात्रीतला तो एकच निर्णय मला आजही योग्य वाटतो.

११.००

मी शेवटी सर्व्हरवर बसूनच साखळी एकेक कडी छापून बघितली. सेवेचं प्रमाणपत्र ठीक. आर३ ठीक. आयएसआरजी ठीक. शेवटच्या पायरीवर 'डीएसटी रूट सीए एक्स३', त्याखाली त्रुटी क्रमांक १०, आणि मुदत: ३० सप्टेंबर, जागतिक वेळ १४.०१.१५. आपल्याकडचे ७.३१.१५. दुपारपासून जो क्षण मी फोनात शोधत होतो तो सर्व्हरच्या यादीत बसलेला होता.

उपाय लहान होता. सर्व्हरच्या यादीतल्या त्या नावाआधी उद्गारचिन्ह घातलं, यादी नव्याने बांधायची आज्ञा दिली. जुना जामीनदार निघून गेला, आणि त्याच यादीत आधीपासून असलेल्या आयएसआरजीपाशी साखळी थांबू लागली. आमची स्वतःची साखळी पुन्हा लांब केली. जुन्या फोनांसाठी ती तशीच हवी होती.

११.४०

भाव आला. सहाच्या फोनवर, सातच्या, नव्यावर. त्या संध्याकाळी शॉपिफाय, झीरो, फोर्टिनेट अशा मोठ्या नावांनाही याच कारणाने त्रास झाल्याचं नंतर वाचलं. त्याने काकांचा डेटा पॅक परत आला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन करून दोष आमचा होता, एवढं सांगितलं.

त्या आठवड्यात तीन कामं केली. सर्व्हर नव्या उबुंटूवर नेला. आयएसआरजीचं मूळ प्रमाणपत्र अ‍ॅपच्या आतच ठेवलं, म्हणजे जुना फोन त्याला ओळखेल. वाढवून मिळालेली सही ३० सप्टेंबर २०२४ला संपली, तेव्हा ते उपयोगी पडलं. आणि 'इंटरनेट तपासा' हे वाक्य आता फक्त इंटरनेट खरंच नसेल तेव्हाच येतं. इतर वेळी पडद्यावर लिहिलेलं असतं: 'बिघाड आमच्याकडे आहे. तुमचं नेट ठीक आहे. रिचार्ज करू नका.'

अ‍ॅप बांधणाऱ्यांनो, एक तारीख आत्ताच लिहून ठेवा, आणि त्या वेळी फोनाबरोबर सर्व्हरचीही यादी तपासा. आयएसआरजी रूट एक्स१ची मुदत सोमवार, ४ जून २०३५ रोजी दुपारी ४ वाजून ३४ मिनिटं ३८ सेकंदांनी संपते.