आडनावाची थकबाकी

आमच्या भंडाऱ्याकडे नुसते नाव सांगून कुणाचे समाधान होत नाही. नाव सांगितले की समोरचा म्हणतो, "पुढे?" पुढे म्हणजे आडनाव. मी लांजेवार. तेवढ्यानेही भागत नाही. "कोनते लांजेवार?" हा तिसरा प्रश्न ठरलेला. या प्रश्नाचा खरा अर्थ 'जात सांगा' असा आहे, हे कळायला बी. कॉम. व्हावे लागत नाही. पण लांजेवार एकाच जातीत नाहीत, त्यामुळे विचारणाऱ्याची पंचाईत होते. "बँकेतले," असे मी सांगतो. मग त्याची आणखी पंचाईत होते.

बाबांच्या मते आम्ही लांजीच्या राजघराण्यातले. पुरावा म्हणून घरात एक पितळी घंगाळ होते. तेही गळके. आईने ते मोडीत घातले आणि आमचे राज्य खालसा झाले. त्यानंतर मी हा विषय काढला नाही. एके दिवशी काउंटरवर एक म्हातारी आली आणि तो पुन्हा निघाला.

नवरा वारला होता आणि त्याच्या खात्यात अकरा हजार चारशे रुपये होते. पासबुकावर आडनाव लांजेवार, आधार कार्डावर लांजे. मी कागद परत सरकवले. "आजी, आडनाव जुळत नाही." ती म्हणाली, "बाबू, ज्याले जसा आला तसा त्यानं लिवला. मले लिवता येते का?" नियम सांगताना माझा आवाज नेहमीच वरच्या पट्टीत जातो, तसा गेला. ती एस. टी. ने आली होती, एस. टी. ने परत गेली.

घरी येऊन आमच्याच शेतीचे जुने कागद काढले. आजोबा तिथे 'श्रावण वल्द गोविंदा' एवढेच होते. 'वल्द' म्हणजे मुलगा. पुढे जात, पुढे मौजा. लांजेवार नाही, लांजे नाही, काहीच नाही! म्हणजे आमचे आजोबा आज माझ्या काउंटरवर आले असते, तर मी त्यांनाही एस. टी. ने परत पाठवले असते.

मग मी लांजीचा शोध घेऊ लागलो. लांजी आता मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात आहे. तिथे जुना किल्ला आहे. एके काळी आमच्या मुलखाचा कारभार तिथूनच चाले. १८२०-२१ मध्ये मुख्य ठाणे भंडाऱ्याला आले. पुढे १८६७ साली बालाघाट हा निराळा जिल्हा झाला, १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. या सगळ्या बदल्यांत मी महाराष्ट्रात राहिलो आणि माझे आडनाव परप्रांतात राहिले. १९९९ साली गोंदिया जिल्हाही वेगळा निघाला, त्यामुळे आता मधे आणखी एक जिल्हा पडतो.

राजघराण्याचे म्हणाल, तर छत्तीसगडातल्या रतनपूरला कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याचा इ. स. १११४ चा शिलालेख मिळाला आहे. त्याला दरसाल खंडणी किंवा नजराणे पाठवणाऱ्या प्रांतांची नावे त्यात कोरली आहेत. त्यांत वैरागर, लांजिका आणि भाणार ही नावे येतात. वैरागर म्हणजे गडचिरोलीतले वैरागड, लांजिका म्हणजे लांजी आणि भाणार म्हणजे आपला भंडारा, असे अभ्यासक मानतात. मी वीस वर्षे बँकेत आहे. वसुलीची यादी दिसली की ओळखतो. नऊशे वर्षांपूर्वी आम्ही दगडावर आलो, ते देणेकरी म्हणून!

शिवाय एक साधी गोष्ट बाबांच्या ध्यानात आली नव्हती. तुमसरात राहणाऱ्याला कुणी तुमसरे म्हणत नाही आणि पवनीत राहणाऱ्याला पवनीकर म्हणत नाही. रामटेकेही रामटेक सोडल्यावरच होतो. गाव सुटले की ते नावाला चिकटते. म्हणजे आमच्या पूर्वजाबद्दल एवढेच खात्रीने सांगता येते, की तो लांजीत राहिला नाही. राजे सहसा गाव सोडत नाहीत. सोडतात ती दुष्काळाने, कर्जाने किंवा भावकीने गांजलेली माणसे. उरला 'वार'. चंद्रपूरकडच्या वारांत तेलुगूतला आदरार्थी 'वारु' आहे, असे म्हणतात. तो आमच्या वाट्याला आला असेल, तर आमच्याकडचा तेवढाच आदर.

विलायतेतही हेच. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल म्हणून मुलूख आहे. तिथल्या जुन्या बोलीत 'ट्रे' म्हणजे वस्ती, 'पोल' म्हणजे तळे, 'पेन' म्हणजे टोक. म्हणून आडनावे ट्रेलॉनी, पेनरोज. ती बोली मातृभाषा म्हणून बोलणारी शेवटची बाई म्हणून जिचे नाव घेतात, ती डॉली पेंट्रीथ १७७७ साली वारली. पेंट्रीथ म्हणजे किनाऱ्याचे टोक. आमच्या झाडीबोलीची आठवण येऊन मला हे वाचताना बरे वाटले नाही.

आडनावावरून गाव ओळखायला जाल, तर मात्र फसाल. रामकृष्ण गोपाळ भांडारकर भंडाऱ्याचे नव्हेत, १८३७ साली मालवणात जन्मले. आणि १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत भाऊराव बोरकरांकडून हरलेले डॉक्टर आंबेडकर! घराण्याचे आडनाव सकपाळ, गाव रत्नागिरीतले आंबडवे, शाळेच्या दाखल्यावर आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर. एवढ्या मोठ्या माणसाचे आडनाव शाळेतल्या शाळेत बदलले. आमच्या नियमाने त्यांचेही पासबुक परत आले असते.

म्हातारी तिसऱ्यांदा आली तेव्हा मी स्वतःच प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहून दिला : 'लांजे आणि लांजेवार ही एकाच व्यक्तीची नावे आहेत.' साहेबांनी चष्म्यावरून विचारले, "नात्यातल्या का तुमच्या?" मी म्हटले, "लांजीकडून." ते काय समजले देव जाणे, पण सही झाली.

पैसे घेताना माझ्या छातीवरची पाटी तिने शेजाऱ्याकडून वाचून घेतली. मग विचारले, "तू कोनता लांजेवार रे बाबू?"

'बँकेतला' हे उत्तर जिभेवर आले होते. पण म्हटले, "आजी, माझ्या आजोबांचं नाव श्रावण वल्द गोविंदा."

"असंल," ती म्हणाली आणि थुंकी लावून नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.