धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला काय?

रविवारच्या सकाळीं छत्रपति संभाजीनगरांतील एखाद्या मराठी ख्रिस्ती मंदिरावरून आपण गेलों, तर आंतून पेटी आणि तबल्याच्या साथीवर भजन ऐकूं येतें. छंद अभंगाचा, चाल ओळखीची, शब्द घरचे; जाणाऱ्याला क्षणभर वाटावें कीं कोठें तरी कीर्तन चाललें आहे. इतक्यांत येशूचें नांव कानीं पडतें आणि तो थबकतो. ज्याला २०२३ पर्यंत औरंगाबाद म्हणत त्या या शहरांत प्रोटेस्टंटांच्या मराठवाडा धर्मप्रांताचें ठाणें आहे, आणि १९७७ पासून कॅथलिकांच्या धर्मप्रांताचेंहि आहे. मंदिरें, शाळा, वसतिगृहें, समित्या, सभा आणि हिशेबाच्या वह्या हा पसारा कोणत्याहि धर्मसमाजाला लागतोच. त्याची निंदा करण्याचें कारण नाहीं. परंतु हा सर्व पसारा कोणाभोंवतीं उभा आहे, हें मात्र अधूनमधून विचारलें पाहिजे. ख्रिस्ती मनुष्याच्या रोजच्या जीवनाच्या मध्यभागीं स्वतः ख्रिस्त आहे, कीं त्याच्या नांवानें चालणारी संस्था आहे?

हा प्रश्न बाहेरच्या टीकाकारांनीं विचारला, यांत नवल नाहीं. तो खुद्द ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसांनींहि विचारला, आणि त्याची किंमत त्यांनीं स्वतःच्या आयुष्यांतून मोजली, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. त्या इतिहासाचीं कांहीं पानें आज आपण उलटूं.

आरंभ पैठणापासून करतों, कारण तें आपल्या अगदीं जवळचें आहे. सोळाव्या शतकांत एकनाथांनीं भागवताचें मर्म तेथें मराठींत आणलें, आणि तेंहि प्रपंच न सोडतां. देव रोजच्या घरांत भेटावा, रोजच्या भाषेंत बोलावा, हा त्यांचा आग्रह होता. नाथ १५९९ सालीं समाधिस्थ झाले. ते हयात असतांनाच, १५७९ सालीं, थॉमस स्टीफन्स नांवाचा एक इंग्रज जेझुइट पाद्री गोव्यास उतरला. तेथें पोर्तुगीज अमलाखालीं देवळें पाडलीं गेलीं होतीं. जे ख्रिस्ती झाले त्यांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं, आणि त्यांच्या जागीं वाचण्यागाण्यासारखें दुसरें कांहीं हातीं आलें नव्हतें. स्टीफन्सनें हें रितेपण ओळखलें. त्यानें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ रचलें. तें १६१६ सालीं गोव्यांत राचोल येथें रोमन अक्षरांत छापलें गेलें. त्याचे दोन भाग आहेत. पहिला जुन्या कराराच्या कथांचा आहे. दुसरा, आणि त्याहून मोठा, येशूच्या चरित्राचा आहे. सत्तेच्या बळावर धर्म पसरतो हें त्या काळांत सर्वांनीं पाहिलें होतें. पण येशू लोकांच्या मनांत वसावयाचा तर तो ओवींतूनच आला पाहिजे, हें त्या परदेशी मनुष्यास उमगलें.

पुढें दोन शतकें लोटलीं. अमेरिकन मिशन १८१३ सालीं मुंबईस आणि १८३१ सालीं अहमदनगरास आलें. स्कॉटिश मिशनऱ्यांनीं मुंबईंत शाळा काढल्या. त्या शाळेंत शिकलेले नारायण शेषाद्रि १८४३ सालीं ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद याच्यावरून त्या वर्षीं न्यायालयांत जो वाद झाला, त्यानें सारी मुंबई ढवळून निघाली. याच नारायण शेषाद्रींनीं पुढें जालन्याजवळ, तत्कालीन निजामी मुलुखांत, बेथेल नांवाची वसाहत उभारली. जालना तेव्हां वेगळा जिल्हा नव्हता. १९८१ पर्यंत तो औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता. म्हणजे ही कथाहि आपल्याच परिसराची.

बेथेल कां उभारावें लागलें, हें नीट समजून घेतलें पाहिजे. त्या काळीं ज्यानें बाप्तिस्मा घेतला त्याचें घर सुटे, गांव तुटे, काम जाई. मांग आणि महार समाजांतील माणसांना तर पाणवठा आणि देऊळ आधींच बंद होतें. आतां जातभाईंचा आधारहि गेला. अशा माणसाला केवळ उपदेश देऊन भागत नाहीं. त्याला निवारा, शेत, शाळा आणि औषध लागतें. मिशननें तें दिलें, आणि देणें योग्यच होतें. परंतु ज्या हातानें भाकरी मिळते त्या हाताकडेच डोळे लागून राहतात, हा मनुष्यस्वभाव आहे. हळूहळू मिशनचें आवार म्हणजेच धर्म, मिशनचा पगार म्हणजेच आशीर्वाद, आणि साहेबाची पसंती म्हणजेच देवाची पसंती, असें समीकरण कित्येकांच्या मनांत नकळत बसलें. येशूचें नांव सर्वत्र होतें; तो मात्र भिंतीवरील चित्राप्रमाणें एका बाजूस राहिला.

ही फसगत प्रथम स्पष्टपणें बोलून दाखविली ती पंडिता रमाबाईंनीं. १८५८ सालीं जन्मलेल्या या विदुषीनें दुष्काळांत आईबाप गमावले, देशभर पायीं प्रवास केला, आणि १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. परंतु बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनीं आपली विवेकबुद्धि कोणाच्या स्वाधीन केली नाहीं. तेथील धर्मभगिनींशीं त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यांत त्यांनीं मोकळेपणानें सुनावलें आहे कीं, एका पुरोहितवर्गाचें जूं मानेवरून कसेंबसें उतरविल्यावर दुसऱ्याचें जूं आपण चढवून घेणार नाहीं. पुढें १८८९ सालीं त्यांनीं मुंबईंत शारदासदन काढलें. दुसऱ्याच वर्षीं तें पुण्यास हलविलें. कीर्ति झाली, वादहि झाले. आणि इतकें सर्व झाल्यावर, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं, त्यांच्या ध्यानांत आलें कीं आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ज्या ख्रिस्ताच्या नांवानें तो धर्म चालतो तो ख्रिस्त मिळालेला नाहीं. १९०७ च्या आपल्या आत्मकथनांत त्यांनीं हें निःसंकोचपणें लिहून ठेवलें.

श्रोतेहो, या कबुलीला किती धैर्य लागलें असेल याचा विचार करा. ज्या स्त्रीच्या धर्मांतरावर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले, जिला एका पक्षानें डोक्यावर घेतलें आणि दुसऱ्यानें धारेवर धरलें, तिनें सांगावें कीं तेव्हां माझ्या हातांत कवच होतें, गाभा नव्हता!

गाभा हातीं आल्यावर त्यांनीं काय केलें? १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि उपाशी, निराधार अशा शेंकडों मुली आणि विधवा घेऊन आल्या. केडगांवच्या माळावर मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या सुमारास तेथें हजाराहून अधिक जीव राहत होते. दळण, विणकाम, शेती, छपाई, सर्व कामें स्त्रियाच करीत. आणि या सर्व धामधुमींत रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर करीत राहिल्या. खेड्यांतल्या बाईलाहि तें समजावें, मध्यें पंडिताची गरज पडूं नये, हा त्यामागील हेतु होता. भाषांतर पुरें झालें. १९२२ सालीं त्या वारल्या. आणि १९२४ सालीं तें समग्र प्रसिद्ध झालें. येशू आणि चुलीपाशीं बसलेली बाई यांच्यामध्यें कोणी उभें राहूं नये, यासाठीं एका विदुषीनें आपल्या आयुष्याचीं अखेरचीं वर्षें वेंचलीं.

दुसरें उदाहरण कविवर्य नारायण वामन टिळकांचें. १८६१ सालीं कोंकणांत करजगांवीं जन्मलेले टिळक नव्या कराराकडे वळले ते आगगाडीच्या प्रवासांत. एका युरोपियन सहप्रवाशानें तें पुस्तक त्यांच्या हातीं दिलें, आणि डोंगरावरील प्रवचन वाचतांना ते हलले. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. मात्र त्यांनीं आपला मार्ग कधीं लपविला नाहीं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं आलों, असें ते म्हणत. आणि आल्यावर त्यांनीं तो पूल मोडून टाकला नाहीं. अभंग, ओवी, कीर्तन, सर्व त्यांनीं बरोबर आणलें. त्यांनीं रचलेलीं शेंकडों गीतें मराठी मंडळ्यांत गाइलीं जाऊं लागलीं. आरंभीं ज्या भजनाचा उल्लेख केला, तें त्यांच्याच परंपरेंतलें.

परंतु टिळकांच्या घरांत ख्रिस्त मध्यभागीं कसा आला, हें कवितेपेक्षां लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’ या पुस्तकांत अधिक दिसतें. पतीच्या धर्मांतरानें हें घर फुटलें. सुमारें पांच वर्षें नवराबायको दूर राहिलीं. पुढें लक्ष्मीबाई परत आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठीं नव्हे. आपलें सोंवळें, आपला स्वयंपाक आणि आपलें पाणी वेगळें ठेवूनच त्या नांदूं लागल्या. टिळकांनीं जबरदस्ती केली नाहीं. उलट त्यांचें सोंवळें संभाळलें जावें याची काळजी घेतली. बदल झाला तो लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचारानें: मनुष्यामनुष्यांतील हे भेद देवानें केले नसून माणसानें केले आहेत, हें एकदां पटल्यावर त्या कोणाच्याहि हातचें पाणी पिऊं लागल्या. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या घरीं परक्यांचीं मुलें वाढलीं, वाटसरू जेवले, आणि पैसा कधीं टिकला नाहीं. म्हणजे या बाईंच्या बाबतींत श्रद्धेची पहिली खूण पाण्याच्या भांड्यावर उमटली; बाप्तिस्म्याचें पाणी त्यानंतर आलें.

टिळकांनीं अहमदनगरास मिशनमध्यें वर्षानुवर्षें काम केलें, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचें संपादन केलें. तरीहि मनांतलें शल्य जाईना. येशू हा परदेशी संस्थेचा मालमत्तेसारखा दिसतो. त्याच्याकडे येऊं पाहणाऱ्या मनुष्याला आधीं त्या संस्थेचें दार ओलांडावें लागतें. अखेर १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास बिऱ्हाड केलें, आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, जे कोणी येशूला गुरु मानून त्याच्या मागें चालूं इच्छितील, ते सर्व या दरबाराचे. आपल्याच माणसांपैकीं कित्येकांना हें धाडस रुचलें नाहीं. पगार नाहीं, प्रकृति ढासळलेली, अशा स्थितींत दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजीं, ते मुंबईस वारले.

संस्था म्हणून दरबार टिकला नाहीं. परंतु त्यांचें अपुरें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं, शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनीं, ओव्या रचून पुढें नेलें. टिळकांचें चरित्र लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्यानें १९२२ सालीं ख्रिस्त सेवा संघ स्थापिला. पुण्यांतील त्याच आश्रमाच्या ओढीनें १९२७ सालीं व्हेरिअर एल्विन हिंदुस्थानांत आले. म्हणजे फांदी वाळली, तरी बीं वाया गेलें नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. रमाबाई, टिळक, नारायण शेषाद्रि हीं सर्व ब्राह्मण घरांतलीं शिकलेलीं माणसें. त्यांना मिशनचें आवार कोंदट वाटलें. पण ज्याला गांवानें पाणी नाकारलें, त्याला त्याच आवारांत प्रथम माणूस म्हणून उभें राहतां आलें, त्याचें काय? शाळा आणि दवाखाना त्याच्या दृष्टीनें पसारा नव्हता. तोच त्याला दिसलेला येशूचा हात होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती आरंभीं हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ सालीं शीख आणि १९९० सालीं बौद्ध त्यांत आले, दलित ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. ज्यांनीं एवढी झळ सोसूनहि ती श्रद्धा टाकली नाहीं, त्यांच्यापुढें कोणीं ‘संस्था सोडा आणि ख्रिस्त धरा’ असा सोपा उपदेश करूं नये.

आक्षेप मान्य करूनहि मूळ प्रश्न उरतोच. किंबहुना तो अधिक टोकदार होतो. शुभवर्तमानांतला येशू जकातदारांच्या पंक्तीस बसला, कुष्ठरोग्याला त्यानें हात लावला, शमरोनी बाईपाशीं विहिरीवर पाणी मागितलें. तो मध्यभागीं असेल तर त्याच्या मंडळींत जातीची रांग उरतां कामा नये. लग्न ठरवितांना, पंच निवडतांना, जेवणाच्या पंक्तींत ती उरली असेल, तर मंदिर कितीहि भव्य असो आणि भजन कितीहि सुरेल असो, मधली जागा रिकामी आहे. शाळा आणि दवाखानेहि याच मापानें मोजले पाहिजेत: तेथें शेवटचा मनुष्य आंत येतो कीं दारांतून परत जातो?

नाथांच्या पैठणास हें माप नवें वाटणार नाहीं. तेथेंहि देवाची परीक्षा पूजेच्या उपकरणांवरून झाली नाहीं. कावडीतलें गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजण्यावरून झाली, असें आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलों आहों. धर्म कोणताहि असो, पसारा वाढला म्हणजे मूर्ति झांकली जाते, आणि कोणी तरी धीर करून तो बाजूस सारावा लागतो. मराठी ख्रिस्ती समाजांत हें काम एका विधवेनें, एका कवीनें आणि त्या कवीच्या पत्नीनें केलें. येत्या रविवारीं तें भजन आपल्या कानीं पडलें, तर त्याच्या चालीमागें या तिघांचें आयुष्य उभें आहे, एवढें आठवावें.